डावीकडून

तमोरचं पाणी ताकात राख कालवल्यासारखं,
आणि गार इतकं, की हात बुडवला
तर बोटं आपली की शेजाऱ्याची, कळत नाही.

सुकमाया होडीत बसत नाही, होडी नेसते.
कमरेभोवतीचा रबरी घेर ओढते,
काठावर चपकन बसवते,
पुढची दोरी तेवढी बाहेर ठेवते
आणि माझी तपासून बघते, रोज.
"ही आत राहिली, तर तूही आत राहशील."

तिचं आडनाव माझी.
आमच्या भाषेत हा मालकीचा शब्द आहे,
पहिल्याच संध्याकाळी मी सांगून टाकलं.
ती हसली. "आमच्यात माझी म्हणजे
ज्याचं काही नसतं, नुसतं पलीकडे नेणं असतं."
तिचा बाप न्यायचा,
सावरीच्या एका खोडात कोरलेल्या डोंग्यातून:
नवऱ्या, बकऱ्या, मिठाची पोती,
एकदा एक पत्र्याचं कपाट, आरशासकट.
मग झुलता पूल आला.
डोंगा अंगणात पालथा आहे,
त्याच्यावर मिरच्या वाळतात.

तिसऱ्या दिवशी
मी उलटा झालो.
लिहायला तीन शब्द.
खाली दगड बोलत होते, खरंच,
खडखड, घाईघाईने,
आणि माझं डोकं त्यांच्या बोलण्यात मधे मधे.
वल्हं पाण्यावर आणायचं, कंबर झटकायची,
डोकं सगळ्यात शेवटी वर.
पाठ होतं.
डोकं आधी काढलं. माणूस काढतोच.
दुसऱ्यांदाही.
मग दोरी.

कुठूनतरी लाल नाक आलं तिच्या होडीचं,
मी त्याला मिठी मारली
तशी आजवर कुणाला मारलेली नाही.
"पाय वर! पाय वर! वर!"
काठावर मी थोडी तमोर ओकलो.
तिने माझा हरवलेला बूट शोधून आणला
आणि दुसरा कुठाय, एवढंच विचारलं.

दुपारी बुढीको जाँतो.
नकाशात नाही, गावात सगळ्यांना ठाऊक:
म्हातारीचं जातं.
दोन घरांएवढा खडक, नदी त्याच्यावर चढते
आणि पलीकडे उतरल्यावर
मागे वळून स्वतःलाच खाते.
हाङसेर लिम्बू, वय एकोणीस, एका कानात बाळी,
म्हणाला, "तिसऱ्या लाटेवर डावीकडे मारायचं, बस्स."
आणि गेला.
दिसला. दिसला. नाही.
नाही.
मी श्वास मोजत होतो, कुणाचे देव जाणे.
मग खूप खाली, संथ पाण्यात,
आकाशात उभं धरलेलं वल्हं.

सुकमाया खडकावर उभी राहिली.
चाळीस मिनिटं असतील.
एक काटकी टाकली. आत गेली.
आम्ही थांबलो. ती आली नाही.
दुसरी टाकली.
खाली हाङसेरने शिट्टी मारली, मग बिस्किटं काढली.
मग सुकमायाने होडी खांद्यावर घेतली.
"डावीकडून," म्हणाली,
आणि डाव्या काठाच्या बकऱ्यांच्या वाटेने
चालू लागली.

मी विचारू नये ते विचारलं.
"भीती तर सोप्या पाण्यातही वाटते," ती म्हणाली,
"आज हात गार आहेत."
बरंच चाललो.
मग, मी काही न विचारता:
"पुराच्या दिवशी बाबा डोंगा काढायचे नाहीत.
पलीकडून लोक आईवरून शिव्या द्यायचे.
बाबा विडी ओढत बसायचे.
शिव्या नीट ऐकू यायच्या, पाण्यावरून."

वाट अरुंद, निवडुंग, लेंड्या.
माझ्या होडीत राहिलेलं वाटीभर पाणी
दर पावलाला हिंदकळून
मानेवरून पाठीत उतरत होतं.
खाली जातं चालू होतं.
एका बुटात मी तिच्या मागे.