दोन सीटांचं भाडं

मागच्या रांगेतून भाडं हातोहात पुढे आलं,
चुरगळलेल्या नोटा, वर चिल्लर.
मोजलं. एका सीटचं जास्त भरत होतं.
आरशात पाहिलं: खिडकीशी एक म्हातारा,
शेजारच्या सीटवर
पट्टा लावून बसवलेली फांदी.

उम्लाह्लान्कोसी.
बोरीच्या जातीचं झाड. आमच्याकडे
कुंपणाला लावतात, राजाच्या थडग्यावरही घालतात.
पेरापेरावर दोन काटे,
एक सरळ, वाट दाखवणारा,
एक वाकडा, मागे वळलेला:
आलास कुठून, ते विसरू नकोस.

जास्तीचे पैसे मी परत केले नाहीत.

गाडी सुटता सुटता एक बाई चढली, दोन पिशव्या घेऊन.
"बाबा, ती डहाळी मांडीवर घ्या की."
म्हातारा गप्प.
वाटेत त्याने जिवंतांशी बोलायचं नसतं.
मीच म्हणालो, "ती सीट भरलीय, मा."
तिने पाहिलं. शाल सावरली.
पुढच्या फळीवर माझ्याजवळ येऊन बसली, पिशव्या पोटाशी धरून.
कुणीतरी म्हणालं, रेडिओ बंद करा.

मग चार तास एकच आवाज:
"वेलाफी, हॅरिस्मिथ आलं. इथे उतरायचं नाही."
"वेलाफी, घाट लागला. घट्ट धर."

वेलाफी म्हणजे 'कुठून उगवलास?'
लेकराचं असं नाव ठेवलं
की जन्मभर हाक मारताना प्रश्नच विचारावा लागतो.

देह चार वर्षांपूर्वीच गावी आला होता,
पेटीतून, खाणीच्या खर्चाने.
माणूस तिथेच राहिला होता,
कार्लटनव्हिलच्या दवाखान्यात, नळापाशी,
छाती धरून रांगेत उभा.
हे मला नंतर कळलं.

गुरं राखताना ऐकलेली गोष्ट:
उन्कुलुन्कुलूने सरड्याला धाडलं,
सांग जा, माणसं मरणार नाहीत.
सरडा एक पाय उचलायचा, डुलायचा,
वाटेतली जांभळी फळं खात बसायचा.
मागून पाल निघाली दुसरा निरोप घेऊन,
आणि तीच आधी पोचली.
वेलाफी गेल्याचा फोन गावात नऊ मिनिटांत आला.
खाणीची भरपाई
अजून कुठल्यातरी झुडपावर डुलतेय.

व्हॅन रीननच्या उतारावर पोलिसाने हात केला.
"किती माणसं?"
"पंधरा."
बॅटरी मारून त्याने मोजली. चौदा.
पुन्हा मोजली. उजेड फांदीवर थांबला.
त्याने बॅटरी विझवली, टोपी काढली,
वहीत लिहिलं: पंधरा.

थुकेलाच्या पुलावर मी गाडी हळू केली.
कुणी सांगितलं नव्हतं.
"वेलाफी, हे तुझं पाणी."
मागून कुणी घाई केली नाही,
एरवी ह्याच लोकांनी माझं डोकं खाल्लं असतं.

म्सिंगाच्या पुढे, कच्च्या रस्त्याच्या टोकाला,
बाया दारात उभ्या होत्या, रडत नव्हत्या.
एका पोराने बोकड आणला.
म्हाताऱ्याने फांदी पुढे केली.
बोकड हुंगला, थांबला,
आणि काटे चुकवत पानं खाऊ लागला.
तेव्हा कुठे अंगणातल्या सगळ्यांचे खांदे खाली आले.

म्हातारा माझ्याकडे वळला. आवाज बसलेला.
दिवसभरातलं माझ्याशी पहिलं बोलणं:
"वळणांचा त्रास नाही ना झाला त्याला?"
"नाही, बाबा," मी म्हणालो. "झोपला होता."

परतताना गाडी रिकामी.
त्या सीटचा पट्टा तसाच लावलेला.
सोडवायला गेलो तर बोटात काटा रुतला, वाकडा.

डर्बनच्या बंदरावर माझा एक भाऊ आहे.
आहे म्हणजे, धक्क्यावरून पडला, सहा वर्षं झाली,
तिथेच असेल अजून, क्रेनखाली,
सुट्टीची वाट बघत.

ते झाड
आमच्या गोठ्यामागेही उगवतं.