पोटखराब

महाप्याला, दुसऱ्या मजल्यावर, टेबलफॅनच्या वाऱ्यात
टिकटिकते आहे घणसोलीची एक हार्डडिस्क.
हिराजी म्हात्रे समोर, मांडीवर रिकामी पिशवी.
‘दादूसच्या चार फायली त हान.
मंग पाश्शे जीबी कशाला?’

मी म्हणते, काका, ही उद्या फिरेल न फिरेल.
म्हणून आधी तिची इमेज:
पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत
जे आहे ते, जिथे आहे तिथे.
पुसलेलं. अर्धवट राहिलेलं.
कधीच काही न लिहिलेलंसुद्धा.

‘म्हंजे मोजणी,’ ते म्हणतात.
‘मोजणीवाला पडीक पन मोजतो.’

हो. मोजणीच.

तिसऱ्या तासाला सुई एका जागी अडते,
पुन्हा वाचते, पुन्हा,
सोडून देते.
तिथे मी शून्यं भरते.
पुढचं काही जागचं हलायला नको.
‘पोटखराब,’ म्हात्रे मान हलवतात,
‘पिकत नाय, पन सातबाऱ्यावर लागतं.’

अंधार पडता पडता एकच फाइल हाती येते.
उघडते, फक्त वाचण्यापुरती.
आत बाळारामचा डेस्कटॉप, होता तसा:
साडेबारा टक्के,
साडेबारा टक्के नवीन,
साडेबारा टक्के नवीन खरं.
शेवटचा बदल मंगळवारी, रात्री अडीच वाजता.

म्हात्रे चष्मा वर करून काचेवर बोट टेकवतात.
‘बापाच्या नावात एक काना चुकलाय. नीट कर ना.’

इमेजमध्ये नाही करता येत, काका.
नवी प्रत काढून तिच्यात करू.

‘मंग हितं राव्हं दे,’ म्हणाले.
जुनी डिस्क पिशवीत घातली.
अजून गरम होती.