वीट

डॅन्यूब आपल्या गावातून वाहते
हे ब्राइला विसरून गेलं होतं.
गोदामांनी नदीकडे पाठ केलेली,
मालगाडीच्या रुळांत कंबरभर गवत,
आणि पाण्यापाशी जायचं तर
कुंपणाला पडलेल्या भोकातून, वाकून.

नगरपालिकेत एक आराखडा होता.
त्यात काचेचा मनोरा, कारंजं,
हातात हात घेतलेली माणसं,
एकाचीही सावली पडत नव्हती.
अकरा वर्षं तो जिन्यात टांगलेला, पिवळा पडत गेला.
शेवटी त्या चित्राचाही वीट आला साऱ्यांना.

झामफिराने काय केलं, तर झाडू आणला.
एकोणतीस वर्षं क्रेन चालवली तिने या धक्क्यावर;
उंचावरून पाहिलेली नदी
एकदा निवांत, खालून पाहायची होती तिला.
टेकायला जागा नव्हती.

आर्तामोन कोळ्याने मोडक्या होडीच्या फळ्या दिल्या,
बदल्यात लोणच्याची बरणी आणि भरपूर सल्ला ऐकून घेणं.
शाळेच्या कुंपणाचा उरलेला हिरवा रंग.
बाकडं झालं. डुगडुगत होतं,
म्हणून एका पायाखाली वीट.

एका बाकड्याने काय होणार, म्हणाले लोक.
काहीच झालं नाही.
इलारियोन आला, बसला, बूट काढले.
दुसऱ्या दिवशी मोजे पण.
आठवड्याने कुणीतरी कुंपणाचं भोक
कापून सरळ केलं, दारासारखं.
खांबावरचा दिवा एका पोराने लावला,
वीज कुठून आणलीस, हे कुणी विचारलं नाही.

ऑक्टोबरात बाकडं चोरीला गेलं.
वीट तेवढी राहिली, खाली ओली, वरून कोरडी.

झामफिरा शोधत निघाली, शिव्या पाठ करत.
सापडलं: इस्पितळाच्या बसथांब्यावर.
हिरवा रंग तोच, फळीवरचा होडीचा अर्धा आकडा तोच.
वर एक बाई, पायाला प्लास्टर,
मांडीवर एक्स-रेचं पाकीट,
आणि बस येईपर्यंत डुगडुगणं.

झामफिरा काही बोलली नाही.
घाटापर्यंत परत आली,
वीट पिशवीत घातली,
पुन्हा तेवढंच चालत गेली
आणि वाकून पायाखाली सरकवली.
बाई म्हणाली, थँक यू हं,
बरीच हलत होती.

आता नदीवर दोन आहेत, तिसऱ्याच्या फळ्या वाळताहेत.
वसंतात पाणी चढलं की
बाकडी उचलून वर न्यावी लागतात.
चार माणसं लागतात.
सात येतात.