दातेरी रूळ

मोन्सेरातची गाडी चढते ती दातांनी डोंगर धरून.
दोन रुळांच्या मधे तिसरा, करवतीसारखा.
त्याला एउदाल्दनं एकतीस वर्षं ग्रीस लावलं.

तो गेला माघात. आज रेमेइ
ताज्या चीजचा, मधाचा ठेला जावेवर सोपवून
गुहेतल्या चॅपेलकडे उतरते आहे.
पिशवीत त्याची टोपी, तेलकट.

तिथं भिंतीला लोकांनी काय काय टांगलंय:
मेणाचा पाय, हेल्मेट,
लग्नातला एकच बूट.
फेडलेले नवस, धुळीसकट.

वाटेत दरड आलेली. पाटी: पुढे रस्ता बंद.
ती पाटीशीच बसते.
वर मठात पोरं गायला लागली आहेत.
खडकांची बोटं ऐकतायत
की नुसतीच उभी,
कळत नाही.

खालून गाडी येते. खडक्, खडक्, खडक्.
रेमेइ मोजते, सवयीनं.
चौथ्या वळणावर आवाज कोरडा होतो.

टोपी हातात काढलेली, ती परत पिशवीत.
नवस तर त्यानं कधी बोललाच नव्हता,
मग फेडायचा कोणी?

उठते. गुडघ्यावर हात देऊन, चढाला लागते.
स्टेशनातल्या त्या नव्या पोराला सांगायला हवं:
चौथं वळण.
आणि हात आखडू नकोस म्हणावं ग्रीसला.