हरकत क्रमांक दोनशे चौदा

कूलरच्या घरघरीत माझं नाव
दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा उठलो.

"जागा दाखवा नकाशावर."
पिवळी नदी सापडली, पूल सापडला,
आमचं वाळवण नाही.
तिथं चौकोन, आत लिहिलेलं : वाणिज्य.

"नोंद काय तुमची?"
नोंद म्हणजे, साहेब, आठ बांबू, सुताचे दोर
अन् हे नागपूरचं ऊन.
मेडिकलच्या चादरी बाराच्या आत कडक होतात.

"लेखी द्या."

वाकून लिहून घेणाऱ्या त्या कॉलरच्या आत
लाल दोऱ्याचे दोन टाके,
कौतिकाच्या हातचे.
बोललो नाही.

बोट उचललं तर कागदावर निळीचा डाग.
बाबूनं पुसला, तो आणखी पसरला,
रस्त्यापलीकडच्या सोसायटीपर्यंत.
"निळा म्हणजे पाणी," बाबू पुटपुटला,
"आता हे कोण दुरुस्त करणार?"

दोनशे पंधरा.