एक्क्याऐंशी युनिट

वहीच्या पहिल्या पानावर अजून चिकटवलेलं आहे ब्रोकरचं कार्ड,
त्याखाली माझ्या अक्षरात त्याचं तोंडी आश्वासन:
भाडं सोडून बाकी काही नाही.
बाकी काही नाही म्हणजे
लाईट, गॅस, टँकर आला तर टँकर,
वायफाय, जिना झाडणाऱ्या बाईंचे शंभर,
आणि मोटर जळाली तर मोटर.

हिशेब माझ्याकडे, कारण मी कॉमर्सची.
रेहाना वकिली शिकते, म्हणून भांडणं तिच्याकडे.
कस्तुरीकडे गीझर: सात मिनिटं, मोबाईलवर गजर लावून.
आठव्या मिनिटाला ती दार बडवते,
आतलीच्या डोक्याला शॅम्पू असो नसो.
डिंपल वसावेकडे काहीच नाही.
ती फक्त खोलीतून शेवटी निघते
आणि सगळी बटणं बंद करते, दोनदा.

कालिन्याच्या गावठाणात, फिलोमिना आंटीच्या माडीवर आम्ही.
सबमीटर जिन्याखाली, येशूच्या तसबिरीला लागून.
तसबिरीचा लाल दिवा आंटीच्या मीटरवर आहे,
हे रेहानाने पहिल्याच दिवशी तपासलं.
युनिटला बारा रुपये.
कंपनी एवढे घेत नाही, रेहाना म्हणाली.
मग कंपनीकडे राहायला जा, आंटी म्हणाली,
आणि वाटीभर बोंबलाची चटणी हातात दिली.

मे महिन्यात चौघी घरी गेलो.
मी औशाला, रेहाना मिरजेला, कस्तुरी चिपळूणला,
डिंपल धडगावला.
फ्रिजची पिन मी माझ्या हाताने काढली,
दारात टॉवेलची घडी अडकवली, वास धरू नये म्हणून,
आणि मीटरचा फोटो काढून ठेवला.

जूनमध्ये आकडा पुढे सरकला होता
एक्क्याऐंशी युनिटांनी.
नऊशे बहात्तर रुपये,
बंद खोलीचे.

रेहाना फोटो घेऊन खाली गेली, मागोमाग आम्ही.
आंटीने चष्मा लावला, फोटो बघितला,
मग आमच्या मागे कुठेतरी बघितलं.
मीटर म्हातारा झालाय गो, म्हणाली,
कधी कधी आपला आपणच चालतो.

रात्री मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
पंखा पंच्याहत्तर वॅटचा, रात्रंदिवस, तीस दिवस,
चोपन्न.
ट्यूब, रोज बारा तास,
जेमतेम चौदा.
उरले तेरा.
तेरा म्हणजे भाताचा कुकर,
दिवसातून एकदाच लावला तर.

डिंपलने गावाहून आणलेले आंबे
टेबलावर होते. गोड होते.
पिशवीवर छापलं होतं, वाकोला ब्रिज.

मी ते पान फाडलं.
पुढच्या बाजूला लिहिलं:
मे. फ्रिज चालू राहिला. चूक माझी.
भागिले चार, दोनशे त्रेचाळीस.
रेहानाने वाचलं, टॉवेलच्या घडीकडे एकदा बघितलं,
आणि वकील असून
काही न बोलता पैसे काढले.

तेव्हापासून खर्चाच्या डब्यात
दर सोमवारी पन्नासची एक नोट जास्त निघते,
चार घड्या घातलेली.
तिला माझ्या वहीत रकाना नाही.

काल गीझरची सात मिनिटं झाली.
गजर वाजला, वाजत राहिला.
आत डिंपल होती.
कस्तुरीने दार वाजवलं नाही.