साडेबारा सेंट

बारा वर्षं मी या वह्या उतरवते आहे,
तळघरात, हातमोजे घालून.
ही इंडियानाची. अठराशे सदतीस, फेब्रुवारी.
त्या आठवड्यात शाई फिकी आहे,
बाटली शेगडीपाशी धरून वितळवली असणार.
खजिनदार इझ्राएल ट्रेडवे.
अक्षर सरळ, फक्त सात वाकडा,
दाढ दुखत असल्यासारखा.

मेहिटेबल स्ट्राउड, विधवा. चाळीस एकर.
दर सव्वा डॉलर. एकूण पन्नास.
कोपऱ्याची साक्ष: ओक, जाडी चौदा इंच.
सरकारला कागदी नोट चालत नव्हती,
तेव्हा तिनं एकेक मांडलं असेल टेबलावर,
मेक्सिकोची चांदी, फ्रान्सची चांदी,
एक सोन्याचा गरुड,
आणि कडा कातरलेलं स्पॅनिश नाणं,
ज्याचं पारडं खाली येईना.

जमेला पन्नास.
समासात बारीक: साडेबारा सेंट कमी.
बाई म्हणाली, आणून देते.

जूनमध्ये वॉशिंग्टनहून पत्र.
महोदय, आपल्या तिमाही गोषवाऱ्याचा
आमच्या किर्दीशी मेळ बसत नाही.
मग नाताळात. मग पुन्हा.
सात पत्रं. मी मोजली.
एवढ्या कागदात साडेबारा सेंट कितीदा गेले असतील.

चौथ्या आणि पाचव्या पत्राच्या मध्ये,
अडतीसच्या सप्टेंबरात,
पोटावाटोमींना बंदुकांच्या पहाऱ्यात
पश्चिमेकडे चालवत नेलं. पोरंबाळं, तापानं फणफणलेली.
वहीत त्या दिवशी:
विक्री दोन. शाईला सदतीस सेंट.
मी पान उलटंपालटं करून पाहिलं.
जमीन कुणाकडून आली,
असा रकाना छापलेलाच नाही.
त्यामुळे तिथे फरकही निघत नाही,
पत्रही येत नाही.

ओक तिनं पहिल्याच हिवाळ्यात जाळला असेल.
थंडी होती, आणि साक्षीदार म्हणून
त्याला कुणी कधी बोलावणार नव्हतं.

सातव्या पत्राला ट्रेडवेचं उत्तर एका ओळीचं:
पदरचे भरले.

इथे मी वही मिटणार होते.
पण शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत,
वेगळ्या शाईत, एक्केचाळीस साल:
'स्ट्राउडबाई नाणं घेऊन आल्या.
चिखलातून, अकरा मैल.
खातं बंद. कशात जमा करू?
परत दिलं. बाई रागावल्या.'

सूचीत ही ओळ कुठे टाकायची
हे मी वरच्या मजल्यावर विचारलं.
किरकोळमध्ये टाका, म्हणाले.
टाकली.